एकाच कपाटातल्या माश्या

माशी खाली पडली की वर चढते. हे तिला कुणी शिकवत नाही. काचेच्या नळीत वीस माश्या घ्यायच्या आणि नळी टेबलावरच्या रबरी चकतीवर तीनदा आपटायची. सगळ्या तळाशी पडतात आणि पुढच्याच क्षणी उठून भिंतीवरून वर निघतात. तळापासून आठ सेंटिमीटरवर मी मार्करने रेघ ओढलेली असते. दहा सेकंदांत किती माश्या ती रेघ ओलांडतात, ते मोजायचं. माझी नोकरी थोडक्यात एवढीच.

"एम.एस्सी.ला पहिला वर्ग," मामा म्हणतो, "आणि काम काय, तर माश्या मारत बसणं."

"मारत नाही, मोजते."

"तेच ते. पूर्वी लोक हे फुकट करायचे."

पिकलेल्या फळांवर घोंगावणारी ही माशी तिळाएवढी असते आणि तिचा मेंदू खसखशीच्या दाण्याहून लहान. त्यात सुमारे एक लाख चाळीस हजार चेतापेशी असतात. उडणं, भांडणं, जोडीदाराची मनधरणी करणं, कालच्या सडक्या केळ्याची जागा लक्षात ठेवणं, हे सगळं तेवढ्यात बसतं. आमच्या माश्यांमध्ये माणसाचं एक जनुक घातलेलं आहे. त्या जनुकावरून एक प्रथिन बनतं. कंपवात झालेल्या माणसाच्या मेंदूत या प्रथिनाच्या गुठळ्या साचतात. माशीच्या मेंदूतही साचतात. पहिले दहा दिवस या माश्या इतरांसारख्याच चढतात. तिसाव्या दिवशी शंभरातल्या वीसच रेघेपर्यंत पोचतात. बाकीच्या तळाशी फिरत राहतात. काही जणी निघतात, तीन सेंटिमीटरवर थांबतात, घसरतात आणि पुन्हा निघतात. हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मोजायचंच विसरले. माणसाची आणि माशीची वाट फुटून कोट्यवधी वर्षं झाली, आणि तरी एकच बिघाड दोघांचेही पाय धरतो.

मला हे जास्त लागलं, त्याचं कारण मामा.

मामा झाडांची तेलं काढतो. शहर संपतं तिथे, टेकडीच्या पायथ्याशी त्याची भट्टी आहे. तांब्याचं मोठं पिंप, त्यात दाबून भरलेला पाला, खालून वाफ. वाफ पाल्यातून जाताना तेल उचलते, वरच्या नळीतून गार पाण्याच्या टाकीत उतरते, तिथे तिचं पुन्हा पाणी होतं आणि त्या पाण्यावर बोटभर तेल तरंगतं. ऐकायला सोपं वाटतं. अवघड आहे ते भांडं बदलण्याची वेळ ओळखणं. सुरुवातीची धार उग्र असते, शेवटची जळकट. "पहिल्या धारेची असते ती दारू," मामा सांगतो, "तेल घ्यावं मधल्या धारेचं." मधली धार कधी सुरू झाली, हे कुठलंही यंत्र त्याच्या भट्टीत सांगत नाही. मामा नळीच्या तोंडाशी डोळे मिटून उभा राहायचा आणि एकदम म्हणायचा, "आता!" की मामीने भांडं बदलायचं. लहानपणी मला ती जादू वाटायची. पुढे मी प्रयोगशाळेच्या यंत्रावर त्याच्या तेलातले घटक मोजले, तीन वर्षांचे नमुने शेजारी शेजारी ठेवून. आलेख एकमेकांवर ठेवले तर एकच रेघ दिसत होती. मग तर मला ते जादूहून मोठं वाटायला लागलं.

दोन वर्षांपूर्वी त्या आलेखांत एक वेगळा निघाला. मी मामाला काही विचारलं नाही. सुट्टीत भट्टीवर गेले आणि नुसती पाहत उभी राहिले. मामा नळीपाशी डोळे मिटून होता. त्याच्या मागे मामी भांडं घेऊन उभी होती. मामी हलकेच खोकली. मामा म्हणाला, "आता!"

पुढच्या धारेलाही तसंच झालं. आधी मामीचा खोकला, मग मामाचं "आता".

मामी नंतर मला बाजूला घेऊन म्हणाली, "अगं, दूध करपून काळं झालं, तरी हे शेजारी बसून पेपर वाचत होते. वासच जातोय त्यांचा. कुणापाशी बोलू नकोस. गिऱ्हाइकं त्यांच्या नाकावर येतात."

मी बोलले नाही. पण मला माहीत होतं की कंपवातात हाताच्या किती तरी आधी नाक जातं, कधी कधी दहा वर्षं आधी. नाक जाण्याची इतरही शंभर कारणं असतात, असं मी स्वतःला सांगत राहिले. या वर्षी मामाचा उजवा हात थरथरायला लागला आणि भट्टीच्या तीन पायऱ्या उतरताना तो एकदा तोंडावर पडला. डॉक्टरीण बाईंनी तपासलं, कंपवातच असल्याचं सांगितलं आणि गोळ्या लिहून दिल्या. मामाने गोळ्यांचं पाकीट घरी आणलं आणि फडताळात ठेवलं.

याच सुमारास आमच्या मॅडमनी, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, मामाचं एक तेल तपासायला घेतलं होतं. टेकडीवर एक काटक, निळ्या फुलांचं झुडूप उगवतं, त्याचं. मामा त्याला निळी म्हणतो. शास्त्रीय नाव मी इथे मुद्दाम देत नाही. उद्या कुणी बाटली शोधत फिरायला नको. परीक्षानळीत या तेलाने त्या प्रथिनाच्या गुठळ्या उशिरा होतात असं आम्हाला दिसलं होतं. परीक्षानळीत पुष्कळ काही होतं. जिवंत प्राण्यात होतं का, हे माश्यांना विचारायचं होतं.

मामाला हे कळल्यावर तो मोठ्या गंभीरपणे म्हणाला, "ठरलं तर. तुझ्या माश्या चढल्या, तर मी तेल घेणार. नाही चढल्या, तर गोळ्या."

"मामा, तू माशी नाहीस."

"मामीला विचार."

"दिवसभर घोंगावतात," मामी म्हणाली, "पण कामाला हात लावतात, म्हणून माणूस." मग हसू आवरून ती माझ्याकडे वळली. "तूच सांग बाई यांना काही. पुन्हा पडले म्हणजे?"

मी सांगून पाहिलं. गोळ्या हजारो माणसांवर तपासलेल्या आहेत, तेल अजून एका माशीवरही नाही. मामा ऐकून घेत होता आणि खिशातल्या हाताला दुसऱ्या हाताने वरून दाबून धरत होता. "सगळा जन्म या तेलात गेला," तो म्हणाला, "एक महिना त्याच्यासाठी थांबू दे की."

त्या तीस दिवसांत मी काय केलं ते नीट सांगते, कारण चूक त्यातच होती. माश्यांचं खाणं म्हणजे मक्याचं पीठ, साखर आणि यीस्ट शिजवून थिजवलेली लापशी. अर्ध्या नळ्यांच्या लापशीत तेल, चार थेंब अल्कोहोलमध्ये विरघळवून. उरलेल्या अर्ध्यांत नुसतं अल्कोहोल, म्हणजे फरक पडला तर तो तेलाचाच असणार. सगळ्या नळ्यांना कापसाचे बोळे. तापमान एकसारखं हवं, म्हणून सगळ्या नळ्या पंचवीस अंशांच्या एकाच बंद कपाटात. वरच्या फळीवर तेलाच्या, खालच्या फळीवर साध्या. लापशी शिजवणाऱ्या आमच्या सहकाऱ्याला सगळे आचारी म्हणतात. त्याने नळ्यांवर गुप्त आकडे घातले आणि मोजायच्या वेळी तोच त्या सरमिसळ करून आणून द्यायचा, म्हणजे मोजताना मलाही कुठली कोणती ते कळू नये. काळजी म्हणून जी घेता येते ती सगळी मी घेतली होती. निदान मला तसं वाटत होतं.

तिसाव्या दिवशी मोजलं आणि आकडे उघडले. तेलाच्या माश्या शंभरात चव्वेचाळीस. साध्या माश्या शंभरात बेचाळीस.

फरक नाही.

"साध्या वीसवर हव्या होत्या," मॅडम म्हणाल्या. "म्हणजे आपल्या माश्यांच्या वंशातला आजारच निवळलाय. होतं असं. पिढ्यानपिढ्या त्या जनुकाशी जुळवून घेतात." त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "तेलाचं काम या शुक्रवारी थांबवू. दुसरी औषधं रांगेत आहेत."

खरं तर मला आनंद व्हायला हवा होता. ठरल्याप्रमाणे मामा आता गोळ्या घेणार होता. पण फोनवर हे सांगायला जीभ उचलेना. मी म्हटलं, "माश्या बघायला ये. इथेच बोलू."

तो गुरुवारी सकाळी आला. गाडी मामीने चालवली. मामाने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि दाढी करताना दोन ठिकाणी कापून घेतलं होतं. मॅडमना त्याने वाकून नमस्कार केला. मी त्याला नळी दाखवली, आपटून दाखवली. माश्या निघाल्या. मामाचं तोंड उघडंच राहिलं.

"या माझ्यासारख्या?"

"हो."

"आणि तरी निघतात." तो वाकून काचेला जवळजवळ नाक लावून पाहत राहिला. "दर वेळी निघतात?"

"दर वेळी."

मग मी त्याला निकाल सांगितला. तो ओशाळल्यासारखा हसला. "बरं झालं. गोळ्यांचं पाकीट तरी उघडेल." पण त्याचे डोळे हसत नव्हते. काही तरी करायचं म्हणून तो खोलीभर फिरला आणि काचेच्या दाराच्या त्या कपाटापाशी थांबला.

"हे काय?"

"इथेच वाढवतो आम्ही. वर तेलाच्या, खाली साध्या."

"एकाच कपाटात?"

"हो, तापमान..."

"सासू-सून एका घरात नांदवल्या, आणि म्हणे दोघींचा स्वभाव सारखाच कसा?" मामा वळला. "मॅडम, राग मानू नका. मी अडाणी माणूस. पण कापसाचा बोळा हे झाकण नव्हे, चाळणी आहे. आमच्या हिने एकदा लोण्याचं भांडं भट्टीशेजारच्या खोलीत ठेवलं होतं. एका रात्रीत लोण्याने असा वास धरला की आठवडाभर आम्ही पावाला फुलं लावून खात होतो. मी दोन तेलं कधी एका कपाटात ठेवत नाही. वर्षानुवर्षं नाही. हे उडणारं तेल आहे. तुमच्या खालच्या माश्या महिनाभर तेच खातायत, नाकाने."

मॅडमनी कपाट उघडलं, खालच्या फळीवरची एक साधी नळी घेतली, बोळा सैल केला आणि हुंगलं. "मला तर काहीच वास येत नाही."

मीही हुंगलं. मलाही आला नाही.

"कसा येईल?" मामा म्हणाला. "रोज त्यातच बसता. नाक चार मिनिटांत सवयीला पडतं. तुमची नाकं शाबूत, म्हणून तुम्ही फसलात. माझं गेलंय, म्हणून मला विचार करावा लागतो." हे तो सगळ्यांसमोर बोलला, कदाचित जन्मात पहिल्यांदा. "हिला द्या. ही आत्ता बाहेरून आलीय."

मामीने नळी घेतली, बोळ्याजवळ नाक नेलं, डोळे मिटले. आणि हलकेच खोकली.

मामा मोठ्याने हसला, मीही हसले. मॅडम आमच्याकडे बघत राहिल्या. "निळीच आहे," मामी लाजून म्हणाली, "खोकला सवयीचा."

हसता हसता आकड्यांचा अर्थ माझ्या डोक्यात उलटा फिरत होता. साध्या माश्या वीसवर हव्या होत्या, त्या बेचाळीसवर होत्या. त्यांनी तेलाचा कणही खाल्ला नव्हता. कपाटभर पसरलेली, कुणालाच न जाणवलेली एवढीशी वाफ, आणि त्यांचे पाय चालत राहिले होते. पळता न येणाऱ्या झुडपाने किड्यांना हुसकावण्यासाठी जे रसायन बनवलं, ते एका किड्याच्या मेंदूत माणसाच्या आजाराला अडवत होतं. निदान तशी शक्यता होती. आम्ही शुक्रवारी ते फेकून देणार होतो.

मॅडम खुर्चीवर बसल्या. मी त्यांना काम चालू असताना बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. "वासाने," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "कदाचित वास घेतल्यानेच मेंदूत काही तरी जागं होत असेल."

मामाचा हात खिशात गेला. त्याने विचारलं, "आणि ज्या माशीला वासच येत नाही, तिला?"

त्याने हे कुणासाठी विचारलं, हे तिथे सगळ्यांना कळलं.

"माहीत नाही," मॅडम म्हणाल्या. खोटा धीर त्या कुणालाच देत नाहीत. "पण विचारता येतं. जन्मतः वास न येणाऱ्या माश्या असतात."

"असतात?" मामाने माझ्याकडे पाहिलं, मी इतकी वर्षं त्याच्यापासून एखादा नातेवाईक लपवून ठेवल्यासारखं.

"आमच्या आजारी माश्यांशी त्यांची लग्नं लावावी लागतील," मी म्हटलं, "दोन-तीन पिढ्या. दहा दिवसांत एक पिढी. मग पुन्हा तीस दिवस."

"नातवंडं बघूनच निकाल म्हणा की," मामी म्हणाली.

"आणि या वेळी दोन कपाटं," मॅडम म्हणाल्या. "दोन खोल्यांत. मधे जिना."

मामा गाडीत बसला. पट्टा लागेना, मामीने लावून दिला. मी खिडकीपाशी उभी होते. आता काय म्हणतो, याची मला भीती वाटत होती. तेल आता हरलेलं नव्हतं, आणि ठरावाप्रमाणे गोळ्यांचं पाकीट फडताळातच राहणार होतं.

"समजा, मी आजपासून तेल घेतलं," मामा सावकाश म्हणाला, "आणि मला बरं वाटलं. तर ते तेलाने, की उन्हाने, की नुसतं तू भेटलीस म्हणून, हे कोण सांगणार? माझा दुसरा मी कुठाय, जिन्यापलीकडच्या खोलीत?"

"नाही तो."

"तेच म्हणतोय. एका माशीवरून काही कळत नाही." त्याने मामीकडे पाहिलं. "ते पाकीट जेवणाआधी घ्यायचं की नंतर?"

मामीने गाडी सुरू केली. किल्ली फिरवायला तिला दोन वेळा प्रयत्न करावा लागला.

पुढचा महिनाभर मी सूक्ष्मदर्शकाखाली माश्यांची लग्नं लावत होते. मामाने नव्या पाल्याचं तेल काढून पाठवलं; आलेख जुन्यांवर तंतोतंत बसला. बाटलीवर मामीच्या अक्षरात लिहिलं होतं: मधली धार, खोकल्यावर काढलेली.

नव्या माश्यांच्या तिसाव्या दिवशी मामा आला तेव्हा जिना कठडा न धरता चढला. गोळ्यांनी हात पुष्कळ थांबला होता, नाक अर्थातच नाही. मॅडमनी त्याच्या हातात स्टॉपवॉच दिलं. दोन खोल्यांतल्या नळ्या, लापशी सगळीकडे साधीच, तेलाची वाफ मात्र एकाच खोलीतल्या कपाटात; वास येणाऱ्या माश्या आणि न येणाऱ्या, सगळ्यांवर आचाऱ्याचे गुप्त आकडे. मी नळी आपटायची, मामाने दहा सेकंदांनी सांगायचं, मी रेघेवरचा आकडा लिहायचा.

पहिली नळी. आपटली. माश्या तळाशी, मग काही निघाल्या.

"आता!" मामा म्हणाला. तोच आवाज.

चार. दुसऱ्या नळीत तीन. तिसरीत नऊ. पाचव्या नळीत एक माशी तीन सेंटिमीटरवर थांबली. मला त्या थांबण्याची ओळख होती, पुढे काय होतं ते ठाऊक होतं. ती पाय चाचपत राहिली. मग निघाली, आणि रेघेच्या वर जाऊन बोळ्यापर्यंत गेली.

"आता!" मामा कुजबुजला.

साठ नळ्या मोजायला दुपार झाली. आचाऱ्याने यादी उघडली आणि मॅडमनी फळ्यावर चार आकडे लिहिले. जिन्यापलीकडची, बिनतेलाची खोली: वास येणाऱ्या एकोणीस, न येणाऱ्या वीस. तेलाची खोली: वास येणाऱ्या त्रेचाळीस.

खडू थांबला. मॅडमनी बेरीज पुन्हा तपासली.

न येणाऱ्या एकेचाळीस.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्या माश्यांना हवेत काही आहे हे जन्मात कळलं नव्हतं, आणि ते त्यांच्या आत पोचून काम करत होतं. माणसात असं होईल का, हे मला माहीत नाही. मॅडमना माहीत नाही. उंदरांवर दोन वर्षं, आणि मग किती तरी. बहुतेक वेळा मधेच कुठे तरी हे थांबतं. मी मामाला हे सगळं सांगितलं, एकही टप्पा न गाळता.

तो फळ्याकडे बघत होता. "म्हणजे मला कळेनासं झालं," तो म्हणाला, "तरी ते तिथे असतंच."

"हो."

"इतके दिवस मला वाटायचं, भट्टीतून नुसतं पाणी पडतंय."

त्याच्या मनगटावरचं घड्याळ वाजलं. मामीने पर्समधून पाण्याची बाटली काढली. मामाने खिशातून पाकीट काढलं, स्वतःच्या बोटांनी गोळी सोडवली आणि गिळली. मग पाचवी नळी पुन्हा उचलून उजेडात धरली.

"आपट बघू," मला म्हणाला, "अजून एकदा."